टेबल कोणत्या गावचे?

मुळशी तालुक्याचा महसुली कारभार पौडला चालतो. त्याच तालुक्यात, हिंजवडी आणि माणच्या शिवारावर उभ्या राहिलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कात, रोज भलतीच दप्तरे उघडली जातात. कुठल्या परदेशी बँकेचे खातेदार, कुठल्या विमा कंपनीचे दावे, कुठल्या दुकानसाखळीचा माल. हे सगळे डेटाबेसमधल्या टेबलांत असते. नव्या प्रोजेक्टवर आलेल्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या काही दिवसांतच एक निरोप हमखास मिळतो: या नावाचे रिलेशन, म्हणजे टेबल, अस्तित्वात नाही. शेजारी बसलेल्या सिनियरच्या पडद्यावर मात्र तेच टेबल उघडे असते, ओळींनी भरलेले.

दोघेही एकाच डेटाबेसला जोडलेले असतात आणि निरोपही पूर्ण खोटा नसतो. तो अर्धवट असतो, एवढेच. ‘मी जिथे पाहिले तिथे नाही’ हे त्याला म्हणायचे असते, आणि तो नुसतेच ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. हरवलेले टेबल शोधण्याची सगळी विद्या या गाळलेल्या शब्दांत आहे.

महाभूलेखवर सातबारा काढताना आधी जिल्हा विचारतात, मग तालुका, मग गाव. गट क्रमांकाची पाळी त्यानंतर येते. कारण गट 45 माणलाही असतो आणि मारुंजीलाही. माणच्या तलाठ्याकडे जाऊन नुसते ‘गट 45’ म्हटले तर तो माणचाच काढून देणार. डेटाबेसमध्ये स्कीमा म्हणजे हे गाव. पोस्टग्रेएसक्यूएल, म्हणजे बोलीत पोस्टग्रेस, या डेटाबेस प्रणालीत एका सर्व्हरवर अनेक डेटाबेस, एका डेटाबेसमध्ये अनेक स्कीमा आणि स्कीमात टेबले अशी उतरंड असते. टेबलाचे पूर्ण नाव स्कीमासकट, मध्ये टिंब देऊन लिहायचे. पण रोज पूर्ण नाव कोण लिहितो?

न लिहिणाऱ्यांसाठी ‘सर्च पाथ’ नावाची सोय आहे: टेबलाचे नुसते नाव आले तर कोणत्या स्कीमांत, कोणत्या क्रमाने शोधायचे याची यादी. काहीच बदलले नसेल तर त्या यादीत दोन नोंदी असतात. पहिली, वापरकर्त्याच्याच नावाचा स्कीमा, दुसरी, ‘पब्लिक’. टेबल ‘बिलिंग’ नावाच्या स्कीमात असेल तर त्या यादीने ते जन्मात सापडणार नाही. सिनियरच्या खात्याला कुणीतरी कधीकाळी वेगळा सर्च पाथ लावून दिलेला असतो, आणि बहुतेक वेळा ते त्याच्याही लक्षात नसते.

यात एक बारीक खोच आहे. सर्च पाथमध्ये स्कीमाचे नाव आहे, पण तो वापरण्याची परवानगीच खात्याला नाही, तर पोस्टग्रेस तक्रार करत नाही. तो स्कीमा गुपचूप वगळून पुढे जातो. निरोप पुन्हा तोच, अस्तित्वात नाही. तेच नाव स्कीमासकट पूर्ण लिहिले की मात्र खरे उत्तर मिळते: परवानगी नाकारली. म्हणून जाणते लोक पहिली गोष्ट करतात ती ही, की पूर्ण नाव लिहून पाहतात. ‘नाही’ आणि ‘तुला नाही’ यांतला फरक तिथे कळतो, आणि पुढे कुणाशी बोलायचे, प्रोग्रॅमरशी की डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीएशी, हेही ठरते.

पण स्कीमाचे नावच माहीत नसेल तर? इथे हे यंत्र मला खरोखर आवडते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल पद्धत मांडली, आणि 1985 मध्ये कोणत्या डेटाबेसला रिलेशनल म्हणावे याचे नियम सांगितले. त्यांतला चौथा नियम असा, की डेटाबेसने स्वतःचे वर्णनही साध्या टेबलांतच ठेवावे आणि ते त्याच प्रश्नभाषेत विचारता यावे. पोस्टग्रेसमध्ये हे वर्णन ‘पीजी कॅटलॉग’ या स्कीमात असते. ‘पीजी क्लास’ या टेबलात प्रत्येक टेबलाची एक ओळ, ‘पीजी नेमस्पेस’मध्ये प्रत्येक स्कीमाची. दोन्ही जोडून टेबलाचे नाव विचारले की ते कुठे कुठे आहे त्याची यादी समोर येते. एवढे टंकायचा कंटाळा असेल तर पोस्टग्रेसच्या ‘पीएसक्यूएल’ या आज्ञा टंकायच्या खिडकीत बॅकस्लॅश डीटी, आणि पुढे तारा-टिंब-तारा. नुसते बॅकस्लॅश डीटी दिले तर फक्त सर्च पाथमधली टेबले दिसतात. नवशिक्यांची निम्मी शोधाशोध त्या दोन ताऱ्यांअभावी फुकट जाते.

पुस्तके बहुधा ‘इन्फर्मेशन स्कीमा’ वापरायला सांगतात. तो एसक्यूएलच्या प्रमाण नियमांतला, म्हणून अनेक डेटाबेसांत चालतो. पण तो जरा जास्तच सभ्य आहे. ज्या टेबलांवर तुमचा काहीतरी हक्क आहे तेवढीच दाखवतो. बाकीची आहेत असे चुकूनही सुचवत नाही. ‘पीजी क्लास’ला हा आडपडदा नाही. आतला मजकूर वाचायचा अधिकार नसला तरी टेबल आहे, अमक्या स्कीमात आहे, अमक्याच्या मालकीचे आहे, हे तो कुणालाही सांगतो. शोधाशोधीला म्हणूनच मी पीजी क्लासच्या बाजूचा.

हे झाले पोस्टग्रेसचे; इतर डेटाबेसांची तऱ्हा वेगळी. ओरॅकलमध्ये प्रत्येक वापरकर्ता हाच एक स्कीमा. त्याचा कॅटलॉग तीन पायऱ्यांचा: ‘यूझर टेबल्स’ म्हणजे माझी, ‘ऑल टेबल्स’ म्हणजे मला हात लावता येतो ती, ‘डीबीए टेबल्स’ म्हणजे सगळी. शेवटच्याला वरची परवानगी लागते. निरोप क्रमांक 942 तिथे कुप्रसिद्ध आहे. टेबल नसले तरी तोच, परवानगी नसली तरी तोच. ज्यांनी क्लासमध्ये ‘एम्प’ आणि ‘डेप्ट’ ही टेबले गिरवली, त्यांना ती ‘स्कॉट’ या स्कीमातली हे आठवेल. ब्रूस स्कॉट हे ओरॅकलचे अगदी सुरुवातीचे कर्मचारी, आणि त्या खात्याचा ‘टायगर’ हा जगजाहीर पासवर्ड म्हणजे त्यांच्या घरच्या मांजराचे नाव. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने वापरकर्ता आणि स्कीमा यांची फारकत 2005 च्या आवृत्तीत केली. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा आणि डेटाबेस एकच, त्यामुळे तिथून आलेला माणूस पोस्टग्रेसमध्ये हमखास गोंधळतो.

गोंधळाचा खरा हंगाम मायग्रेशनचा. ओरॅकलमधला डेटा पोस्टग्रेसमध्ये आणताना प्रत्येक जुन्या वापरकर्त्याचा एक स्कीमा होतो, आणि नवीन खात्याचा सर्च पाथ तसाच ‘पब्लिक’कडे बोट दाखवत राहतो. वर अक्षरांची भानगड. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले नाव ओरॅकल मोठ्या अक्षरांत नेतो, पोस्टग्रेस छोट्या. आणणाऱ्या साधनाने मोठ्या अक्षरांतली नावे अवतरणात घालून जशीच्या तशी तयार केली, तर स्कीमा बरोबर लिहूनही टेबल सापडत नाही.

ज्यांना हे सगळे दूर देशातले वाटत असेल त्यांच्यासाठी एक स्थानिक गोष्ट. पर्सिस्टंट सिस्टिम्सचे आनंद देशपांडे अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डेटाबेस याच विषयावर डॉक्टरेट करून परतले आणि 1990 मध्ये त्यांनी पुण्यात कंपनी काढली. डेटाबेसचे उत्पादन बनवणाऱ्यांसाठी काम करणे हा तिचा सुरुवातीचा धंदा. हिंजवडीत तिच्या इमारतींना चार वेदांची नावे आहेत.

टेबल न सापडणे ही तशी सुखाची अडचण. काम थांबते आणि सगळ्यांना कळते. खरा धोका भलतेच टेबल सापडण्यात आहे. दोन स्कीमांत एकाच नावाची टेबले असली तर सर्च पाथमध्ये जो आधी तो जिंकतो. निरोप येत नाही, अहवाल तयार होतो, आकडे मात्र दुसऱ्याच गावचे. प्रत्येक ग्राहकाला वेगळा स्कीमा देण्याची पद्धत जिथे आहे, तिथे तर सगळी टेबले हुबेहूब त्याच नावांनी प्रत्येक स्कीमात असतात. ही फट हल्लेखोरालाही उपयोगी पडते. 2018 साली पोस्टग्रेसच्या मंडळींनी जाहीर इशारा दिला, की ‘पब्लिक’मध्ये कुणालाही वस्तू तयार करता येत असल्याने ओळखीच्या नावाचे भलतेच फंक्शन तिथे पेरता येते आणि ते दुसऱ्याच्या, अगदी व्यवस्थापकाच्याही अधिकाराने चालू शकते. बॅकअप घेणारे पीजी डंप तेव्हापासून सर्च पाथ चक्क रिकामा करून पूर्ण नावांनी काम करते. 2022 च्या पंधराव्या आवृत्तीत ‘पब्लिक’मध्ये सर्वांना असलेली ती मोकळीकही काढली गेली; स्कीमांची सोय 2002 मध्ये आली, तेव्हापासून ती तशीच चालत आली होती.

टेबल सापडल्यावर लोक घाईने त्या खात्याचा सर्च पाथ बदलून ठेवतात. मला ते पटत नाही. उद्या तोच प्रोग्रॅम दुसऱ्या खात्याखाली, रात्रीच्या जॉबमध्ये चालतो आणि पुन्हा तोच निरोप. हाताने चार प्रश्न विचारायचे असतील तेव्हा सर्च पाथ जरूर वापरावा; पण टिकायच्या प्रोग्रॅममध्ये स्कीमा, टिंब, टेबल असे पूर्ण नाव लिहावे, आणि जिथे स्कीमा ग्राहकागणिक बदलतो तिथे तो प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला उघडपणे ठरवून घ्यावा.