विश्लेषण : इस्लाम ‘शांततेचा धर्म’ आहे का? ग्रंथ, इतिहास आणि महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

सोमेश्वरनगर : दौंड तालुक्यातील यवत येथे १ ऑगस्ट २०२५ रोजी समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना अश्रुधुराचा वापर करावा लागला. यवत हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे मुक्कामाचे गाव. तिथून पालखी वरवंड, उंडवडीमार्गे बारामतीत आणि पुढे इंदापूरकडे जाते. त्यामुळे यवतच्या घटनेनंतर नीरा खोऱ्यातील गावांतही मोबाइलवर संदेशांचा पाऊस पडला. त्यात दोनच प्रकारचे संदेश होते. एका प्रकारात कुराणातील युद्धाच्या आयतींची यादी, दुसऱ्यात ‘इस्लाम म्हणजे शांती’ एवढेच वाक्य. कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर असो की बाजारतळावर, वाद इथेच अडतो. या प्रश्नाकडे नीट कसे पाहायचे, याचा हा आढावा.

‘इस्लाम’ या शब्दाचा अर्थ काय?

‘स-ल-म’ या अरबी धातूपासून ‘सलाम’ म्हणजे शांती आणि ‘इस्लाम’ म्हणजे ईश्वरासमोर शरण जाणे, असे दोन्ही शब्द तयार झाले आहेत. म्हणजे इस्लामचा थेट अर्थ शरणागती. शांतीशी त्याचे नाते सख्ख्या भावंडाचे. पण शब्दाच्या व्युत्पत्तीवरून धर्माचे वर्तन सिद्ध होत नाही. ‘इस्लाम म्हणजे शांती’ हे वाक्य जगभर गाजले ते अमेरिकेवरील ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी १७ सप्टेंबर २००१ रोजी वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये त्या अर्थाचे विधान केले. आपल्या देशातील मुस्लिमांवर सूड उगवला जाऊ नये, हा त्यामागचा तातडीचा हेतू होता. त्यामुळे ते विधान धर्मशास्त्राचा निष्कर्ष म्हणून नव्हे, तर राजकीय आवाहन म्हणून वाचायला हवे.

कुराणात नेमके काय आहे?

दोन्ही प्रकारच्या आयती आहेत. धर्मात सक्ती नसल्याचे सांगणारी आयत (२:२५६) आहे. शत्रू तहाकडे झुकला तर तुम्हीही झुका, असा आदेश (८:६१) आहे. लढणाऱ्यांशीच लढा, पण मर्यादा ओलांडू नका, अशी अट (२:१९०) आहे. निरपराध माणसाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या ठरवणारी प्रसिद्ध आयत (५:३२) आहे. मात्र तिच्या लगेच पुढच्या आयतीत बंडखोरांना अत्यंत कठोर शिक्षा सांगितल्या आहेत. नवव्या अध्यायात करार मोडणाऱ्या मूर्तिपूजकांविरुद्ध युद्धाचा (९:५) आणि ग्रंथधारक समाजांकडून जिझिया घेण्याचा (९:२९) आदेश आहे.

अर्थात, एकच आयत उचलून पुढे करणारे दोन्ही बाजूंचे लोक अर्धेच सांगतात. खरा वाद आहे तो संदर्भाचा. नवव्या अध्यायातील आदेश त्या वेळच्या अरबस्तानातील विशिष्ट टोळ्यांपुरते होते, असे आजचे बहुसंख्य भाष्यकार मानतात. पण मध्ययुगातील काही शास्त्रींनी ‘नस्ख’ म्हणजे आधीचा आदेश नंतरच्या आदेशाने रद्द होण्याच्या तत्त्वाचा आधार घेऊन, युद्धाच्या आयतींनी शांततेच्या आयती रद्द केल्या, असे मत मांडले होते. दहशतवादी संघटना आज याच जुन्या मताचा वापर करतात. हा आधार त्यांनी हवेतून आणलेला नाही, हे मान्य करूनच त्याचा प्रतिवाद करावा लागतो.

पैगंबरांच्या चरित्रातून काय दिसते?

इ.स. ६१० ते ६२२ ही मक्केतील वर्षे छळ सोसण्याची होती. त्या काळात शस्त्र उचलले गेले नाही. ६२२ मध्ये मदिनेला स्थलांतर झाल्यावर हजरत महंमद पैगंबर एका समाजाचे शासकही झाले आणि युद्धे सुरू झाली. ६२४ मध्ये बद्र, ६२५ मध्ये उहुद. ६२७ मध्ये बनू कुरैझा या ज्यू टोळीच्या शरण आलेल्या पुरुषांना मृत्युदंड दिल्याची नोंद परंपरागत चरित्रग्रंथांतच आहे. दुसरीकडे ६२८ मध्ये अनुयायांना कमीपणाच्या वाटलेल्या अटी स्वीकारून हुदैबियाचा तह केला गेला आणि ६३० मध्ये मक्का ताब्यात आल्यावर बहुतेक शत्रूंना सार्वत्रिक माफी देण्यात आली. थोडक्यात, हे चरित्र केवळ संताचे नाही आणि केवळ सेनानीचेही नाही. महात्मा फुले यांनी ‘मानव महंमद’ हा अखंड लिहिला, साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिले, विनोबा भावे यांनी अरबी शिकून ‘कुराणसार’ संपादित केले. या तिघांनी मराठी समाजाला या चरित्राची आणि ग्रंथाची ओळख करून दिली, ती भीतीपोटी नव्हे तर कुतूहलापोटी.

जिहादचा अर्थ युद्ध इतकाच आहे का?

नाही. जिहाद म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न. स्वतःच्या वाईट वृत्तींशी लढणे हाही जिहादच, यावर सूफी परंपरेचा भर आहे. मात्र धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत या शब्दाचा मुख्य अर्थ सशस्त्र लढा असाच येतो, हेही नाकारता येत नाही. त्या ग्रंथांनी या लढ्याला अटी घातल्या. तो वैध शासकाने पुकारावा; स्त्रिया, मुले, वृद्ध, संन्यासी यांना मारू नये; करार मोडू नये. बाजारात किंवा रेल्वेगाडीत बॉम्ब ठेवणे यातील प्रत्येक अट मोडते. म्हणूनच दारुल उलूम देवबंदने २५ फेब्रुवारी २००८ रोजी हजारो उलेमांच्या मेळाव्यात दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले.

औरंगाबादमध्ये जन्मलेल्या मौदुदींचे उत्तर काय होते?

हा प्रश्न भारतात शंभर वर्षांपूर्वीही पेटला होता. २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत स्वामी श्रद्धानंद यांची एका मुस्लिमाने हत्या केली आणि इस्लाम तलवारीचा धर्म आहे का, यावर वृत्तपत्रांतून वाद सुरू झाला. १९०३ मध्ये औरंगाबादला जन्मलेले, तेव्हा दिल्लीत ‘अल-जमियत’चे संपादक असलेले तरुण पत्रकार अबुल आला मौदुदी यांनी त्याला लेखमालेतून उत्तर दिले. तिचे पुस्तक ‘अल-जिहाद फिल इस्लाम’ १९३० मध्ये आले. इस्लाममधील युद्ध हे लुटीसाठी नसून अन्याय संपवण्यासाठी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पण पुढे त्यांनी इस्लामला सत्ता हाती घेऊन समाज बदलणारी क्रांतिकारी विचारसरणी ठरवले आणि १९४१ मध्ये जमाते इस्लामी स्थापन केली. शांततेचा बचाव करायला सुरू झालेला युक्तिवाद धार्मिक राज्याच्या मागणीपर्यंत पोहोचला. विसाव्या शतकातील राजकीय इस्लामवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

महाराष्ट्रातून दुसरी उत्तरे कोणती आली?

प्रामुख्याने तीन. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांनी ग्रंथातून शांतता शोधण्याचा मार्गच नाकारला. धर्मग्रंथ काय सांगतो यापेक्षा माणसाचा विवेक आणि संविधान काय सांगते हे महत्त्वाचे, अशी त्यांची भूमिका होती. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी तलाकपीडित सात महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले.

मुंबईतील असगर अली इंजिनियर (१९३९-२०१३) यांनी उलट मार्ग घेतला. न्याय, करुणा ही कुराणाची मूल्ये कायमची. युद्धाचे आदेश प्रसंगापुरते, असे ते मांडत. दाऊदी बोहरा समाजातील धर्मगुरूंच्या सत्तेला आव्हान दिल्याबद्दल त्यांच्यावर हल्लेही झाले. २००४ मध्ये त्यांना स्वामी अग्निवेश यांच्यासोबत ‘राइट लाइव्हलिहूड’ पुरस्कार मिळाला.

तिसरे नाव मौलाना वहिदुद्दीन खान (१९२५-२०२१). ते उत्तर प्रदेशचे, पण बाबरी मशीद पाडल्यानंतर त्यांनी मुंबई ते नागपूर शांतियात्रा काढली. हुदैबियाचा तह हाच पैगंबरांचा कायमचा आदर्श, असे ते सांगत. मौदुदींशी त्यांचा वाद वैचारिकच नव्हता. ते स्वतः काही वर्षे जमाते इस्लामीत होते आणि तिथून बाहेर पडले होते.

टीकाकारांचे सर्वांत सबळ आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप ईशनिंदा आणि धर्मत्यागाचा. सलमान रश्दी यांच्या ‘सॅटॅनिक व्हर्सेस’विरुद्ध २४ फेब्रुवारी १९८९ रोजी मुंबईत निघालेल्या मोर्चाला हिंसक वळण लागले आणि पोलिसांच्या गोळीबारात १२ जण मृत्युमुखी पडले. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यावे, हे तेव्हा मुस्लिम समाजात मोजक्याच लोकांनी उघडपणे म्हटले. दुसरा आक्षेप तरुणांना भुलवण्याचा. मे २०१४ मध्ये कल्याणमधील चार तरुण ‘इस्लामिक स्टेट’मध्ये सामील होण्यासाठी इराकला गेले. ते सुशिक्षित घरांतील होते. तिसरा आक्षेप असा, की निषेध हल्ल्यानंतर होतो, हल्ल्याला खतपाणी घालणाऱ्या प्रवचनांच्या वेळी होत नाही. या तिन्ही आक्षेपांना ‘हा खरा इस्लामच नाही’ एवढे उत्तर पुरत नाही. इंजिनियर आणि दलवाई दोघांनीही ते पुरेसे मानले नव्हते.

दहशतवादाबाबत समाजाने काय केले?

याचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. त्यात मुस्लिमही होते. मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. प्रत्येक मृताचे दफन ही इस्लाममध्ये समाजावरील सामूहिक जबाबदारी असते. ती नाकारणे ही साधी गोष्ट नव्हती. ज्यांनी निरपराधांना मारले ते मुस्लिम मानले जाऊ शकत नाहीत, हा त्यामागचा संदेश होता. मृतदेह जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून राहिले. जानेवारी २०१० मध्ये त्यांचे गुप्तपणे दफन झाल्याचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी त्या वर्षी एप्रिलमध्ये जाहीर केले. पुढे २०१५ मध्ये भारतातील एक हजारांहून अधिक मौलवी व मुफ्तींनी ‘इस्लामिक स्टेट’विरुद्ध फतव्याला पाठिंबा दिला, तो एकत्र करण्याचे काम मुंबईतून झाले.

दहशतवादाची सर्वाधिक झळ मुस्लिमबहुल देशांनाच बसली आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. पेशावरच्या शाळेत १६ डिसेंबर २०१४ रोजी मारली गेलेली १३० हून अधिक मुले मुस्लिम घरांतीलच होती.

गावपातळीवर काय दिसते?

आषाढी एकादशी आणि बकरी ईद २०२२ मध्ये (१० जुलै) आणि २०२३ मध्ये (२९ जून) एकाच दिवशी आल्या. दोन्ही वेळी पंढरपूरसह राज्यातील अनेक ठिकाणी मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. यात धर्माशी तडजोड नव्हती. हनफी मतानुसार कुर्बानी तीन दिवस आणि कोकणातील मुस्लिम पाळतात त्या शाफई मतानुसार चार दिवस करता येते. शास्त्रात जागा होती. ती शेजाऱ्यासाठी वापरायची की नाही, हा निर्णय माणसांचा होता. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्यावर मुंबईतील मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढण्यात आली आणि सरकारनेही सुटीचा दिवस बदलला. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडीत १९८० पासून मशिदीत गणपती बसतो.

या परिसराची मुळेही अशीच गुंतलेली आहेत. तुकोबांच्या पालखीची देहूतून निघाल्यावरची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ होते. इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजे भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलल्याची आणि त्यावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवल्याची परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानले.

मग उत्तर काय?

‘होय’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दातील उत्तर प्रामाणिक ठरणार नाही. ग्रंथात शांततेलाही आधार सापडतो, युद्धालाही. मौदुदी, वहिदुद्दीन आणि इंजिनियर यांनी एकच कुराण वाचले आणि ते वेगळ्या दिशांना गेले. त्यामुळे कोणता अर्थ प्रबळ आहे, तो कोण सांगतो आणि हिंसेचा अर्थ सांगणाऱ्याला समाजातून विरोध होतो का, हे प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची जबाबदारी मशिदी, मदरसे आणि मुस्लिम विचारवंतांवर आहे. दलवाईंनी सुरू केलेली आत्मपरीक्षणाची चर्चा अर्धवट राहिली आहे, ती त्यांनाच पुढे न्यावी लागेल.

मात्र गावातील दुकानदार, चालक किंवा ऊसतोड मजूर याच्याकडे नवव्या अध्यायाचा जाब मागता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत मुस्लिमांचे प्रमाण ११.५४ टक्के आहे. आक्षेपार्ह पोस्ट टाकणारा एक असतो आणि त्याच्यासाठी कायदा आहे. त्या एका पोस्टची किंमत दुसऱ्याच कुणाच्या दुकानाने मोजली, तर धर्म कोणताही असो, शांतता मोडलेली असते. यवतसारख्या पालखीमार्गावरील गावांत पुढच्या आषाढीपर्यंत हा हिशेब स्पष्ट व्हायला हवा.