पाव, अर्धा आणि सगळा वर्ग

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. वाचन-लेखनाशी झगडायला लावणारी अध्ययन अक्षमताही त्यात येते. म्हणजे अशी मुले नेहमीच्या वर्गात असणारच. त्यांच्यासाठी वेगळा, सोपा पाठ काढणे मला पटत नाही. मूळ पाठच सगळ्यांसाठी आखायला हवा.

अपूर्णांकाचा धडा घ्या. फळ्यावर थेट १/४ लिहून सुरुवात केली, तर कमी दिसणारे मूल आणि घरी कोरकू बोलणारे मूल, दोन्ही तिथेच अडतात. त्याऐवजी कागदाच्या घड्या घालू द्याव्यात. घडी बोटांना कळते. मग ज्याने-त्याने आपल्या घरच्या शब्दांत सांगावे आणि चिन्ह शेवटी यावे. फळ्यावर लिहून झाले की शिक्षकांनी वर्गाकडे वळून ते वाचून दाखवावे. पाठमोरे बोलले तर कमी ऐकू येणाऱ्या मुलाला ओठ दिसत नाहीत.

तपासणीतही तेच. पाव ओळखता येणे हे उद्दिष्ट असेल, तर उत्तर तोंडी, चित्राने किंवा घडी घालून दिलेले चालले पाहिजे. तिथे शुद्धलेखनाचे गुण कापणे हा डिस्लेक्सिया असलेल्या मुलावर सरळ अन्याय आहे.