साखरेच्या साखळीला फांद्या फोडणारे विकर

बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकले की ती काळी-निळी होते, हे आपण प्रयोगशाळेत पाहतो. ग्लायकोजेनवर टाकले तर रंग तांबूस-तपकिरी येतो. दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले, फरक फांद्यांचा!

आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू जादा ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवतो. आधी सरळ साखळी तयार होते. मग शाखाकारी विकर तिचा तुकडा तोडून साखळीतल्या एका ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनला जोडते. फांद्या वाढल्या की टोके वाढतात. त्यामुळे साठवण आणि वापर दोन्ही झटपट होतात.

या विकराची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने 2002 साली प्रसिद्ध झाली. मधला भाग पिंपासारखा असतो: आत आठ पट्ट्या, भोवती आठ वेटोळी. तोडजोड तिथेच चालते.

हे विकर नसलेल्या ई. कोलायच्या वसाहती आयोडीनने निळ्या होतात. माणसात मात्र गोष्ट रंगावर थांबत नाही. आपल्यातले असेच विकर जन्मतः सदोष असले, तर नीट न विरघळणाऱ्या लांब साखळ्या साचून बाळाचे यकृत निकामी होऊ शकते. याला अँडरसनचा आजार म्हणतात. एका फांदीचे मोल एवढे आहे!