आकड्याची नाळ

बँका, विमा कंपन्या आणि औषध कंपन्यांच्या बैठकीत पडद्यावर दिसणारा आकडा तिथवर तीन मुक्काम करून आलेला असतो. मूळ नोंदी सर्व्हरवर असतात, त्यांची जुळवाजुळव एक्सेलमध्ये होते आणि वरिष्ठांपुढे जाते ती पॉवरपॉइंटची स्लाइड. हा प्रवास कित्येक कचेऱ्यांत आजही कॉपी-पेस्टने चालतो. आकडा हाती न घेता थेट शीटमध्ये उतरवणारी साधने मात्र तीस वर्षांहून जुनी आहेत. १९९२ मध्ये आलेले एसबेस हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना भेटायचे ते स्प्रेडशीटच्या आतच. पुढे बिझनेस ऑब्जेक्ट्सने ‘लाइव्ह ऑफिस’ काढले, मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पॉवर बीआय सर्वांसाठी खुले केले. या कुळातले ‘सॅस ॲड-इन फॉर मायक्रोसॉफ्ट ऑफिस’ हे साधन बारकाईने पाहण्याजोगे आहे, कारण दोन अगदी वेगळ्या वळणाच्या सॉफ्टवेअरना एकत्र नांदवताना काय काय सांभाळावे लागते, ते त्यात स्पष्ट दिसते.

सॅसचा जन्म शेतीच्या आकडेवारीतून झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीत १९६६ च्या सुमारास पीकप्रयोगांच्या विश्लेषणासाठी ते लिहायला सुरुवात झाली आणि १९७६ मध्ये जिम गुडनाइट, अँथनी बार, जॉन सॉल आणि जेन हेल्विग यांनी त्याची कंपनी केली. औषधांच्या चाचण्या आणि बँकांची जोखीम-मोजणी या दोन क्षेत्रांत त्याचा जम बसला. पुण्यात सॅसचे संशोधन व विकास केंद्र आहे, आणि क्लिनिकल डेटाच्या नोकऱ्यांमुळे पुण्या-मुंबईच्या अनेक पदवीधरांना ही भाषा ठाऊक आहे. कोड लिहून काम करणाऱ्यांचे हे सॉफ्टवेअर. शाखेच्या व्यवस्थापकाला मात्र कोड नको असतो, त्याला हवी असते एक्सेलची शीट. ॲड-इन आले ते या दोघांमधले अंतर मिटवण्यासाठी.

ते बसवले की एक्सेल, वर्ड आणि पॉवरपॉइंटच्या माथ्यावरच्या पट्टीत सॅसचा एक टॅब उमटतो. लॉगिन केल्यावर वापरणाऱ्यापुढे डेटाबेसची किचकट नावे येत नाहीत. ‘इन्फर्मेशन मॅप’ नावाच्या थरात त्या रकान्यांना आधीच रोजच्या व्यवहारातली नावे दिलेली असतात: ग्राहक, शाखा, थकबाकी. दुसरा मार्ग ‘स्टोअर्ड प्रोसेस’चा. जाणकार प्रोग्रामरने एकदा लिहून, तपासून सर्व्हरवर ठेवलेला तो कोड असतो. एमआयएसचे, म्हणजे व्यवस्थापनासाठीच्या अहवालांचे, काम पाहणारा माणूस तो निवडतो, महिना आणि विभाग सांगतो, आणि उत्तराचा तक्ता शीटमध्ये येऊन बसतो. लाखो नोंदींची मोजणी सर्व्हरवरच होते, शीटमध्ये येतो तो निकाल.

खरे कसब याच्या पुढे आहे. निकालासोबत त्याची कृतीही फाइलमध्ये जपली जाते: कोणता सर्व्हर, कोणती प्रोसेस, कोणता महिना आणि विभाग सांगितला होता. म्हणून पुढच्या महिन्यात ‘रिफ्रेश’ दाबले की तीच कृती नव्या नोंदींवर पुन्हा चालते आणि तक्ता जागच्या जागी बदलतो. एका फाइलमध्ये असे अनेक निकाल असतील, तर ते एकत्र ताजे करण्याची सोय आहे. पेस्ट केलेल्या आकड्याला आपण कुठून आलो ते सांगता येत नाही. या आकड्याला येते. त्याची मूळ नोंदीशी असलेली नाळ तुटलेली नसते, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी हे साधन कौतुकाला पात्र आहे.

या देवाणघेवाणीत तारखांचा भाग सर्वांत हट्टी. सॅस आणि एक्सेल दोघेही तारीख साध्या संख्येच्या रूपात साठवतात, पण मोजणी वेगवेगळ्या दिवसापासून करतात. सॅसचा शून्य दिवस १ जानेवारी १९६०. एक्सेलचा पहिला दिवस १ जानेवारी १९००. दोहोंत २१,९१६ चा फरक पडतो, आणि या फरकातला एक दिवस मुळात कधी उगवलाच नव्हता. लोटस १-२-३ ने १९०० हे लीप वर्ष धरले होते. त्याच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. त्यामुळे एक्सेलच्या दिनदर्शिकेत २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आजही आहे. १ एप्रिल २०२४ ही तारीख सॅसमध्ये २३,४६७ असते, एक्सेलमध्ये ४५,३८३. ॲड-इन हे रूपांतर मुकाट्याने करते. तेच कुणी कच्ची संख्या चिकटवून तिला तारखेचे रूप दिले, तर एक्सेल ३१ मार्च १९६४ दाखवते. आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस! जुन्या खात्यांच्या यादीत ही तारीख कुणाला खटकणारही नाही. वेळेसह तारीख असेल तर अंतर आणखी वाढते, कारण ती सॅस सेकंदांत मोजते आणि एक्सेल दिवसाच्या अपूर्णांकात. तिथे निदान चूक लपत नाही; एवढी मोठी संख्या तारीख म्हणून दाखवता येत नसल्याने सेल # या खुणांनी भरून जातो.

भारतीय कचेरीत आणखी काही गाठी सोडवाव्या लागतात. सॅसच्या नेहमीच्या स्वल्पविराम-फॉरमॅटमध्ये तीन-तीन अंकांचे गट पडतात, तर इथल्या वाचणाऱ्याला लाख-कोटींची मांडणी हवी असते. ती एक्सेलमध्ये विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगवर अवलंबून असते, म्हणून एकच फाइल दोन संगणकांवर दोन तऱ्हांनी दिसू शकते. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये तारखांचे गट पाडले की पहिली तिमाही जानेवारीत सुरू होते. सॅसमध्ये ‘ईयर.४’ असे अंतर दिले की वर्ष एप्रिलपासून मोजता येते. म्हणून तिमाहीचा हिशेब सर्व्हरवरच उरकून एक्सेलकडे तयार नाव पाठवणे शहाणपणाचे. पुण्याचा ०२० हा एसटीडी कोड संख्या म्हणून आला की २० होतो. सोळा अंकी कार्ड क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच अंक अचूक सांभाळते. असे रकाने मजकूर म्हणूनच आणावे लागतात.

स्लाइडची गोष्ट वेगळी आहे. आलेख चित्र म्हणून चिकटवला तर तो त्या दिवसापुरता खरा राहतो. ॲड-इनमधून पाठवलेला निकाल पॉवरपॉइंटमध्येही ताजा करता येतो, पण मासिक सादरीकरणासाठी सोयीची असलेली हीच गोष्ट इतिवृत्ताच्या दृष्टीने धोक्याची ठरते. संचालक मंडळाने मार्चमध्ये जो आकडा पाहून निर्णय घेतला, तो जूनमध्ये फाइल उघडून ताजा केला की बदलतो; उशिरा आलेल्या नोंदी आणि दुरुस्त्या त्यात मिसळतात. म्हणून जिवंत फाइल एक आणि मंजूर झालेली गोठवलेली प्रत वेगळी, ही शिस्त पाळावीच लागते. ही शिस्त सॉफ्टवेअर लावत नाही.

अडचणी इथे संपत नाहीत. रिफ्रेशनंतर तक्त्यात बाराऐवजी पंधरा ओळी आल्या, तर शेजारी हाताने लिहिलेला फॉर्म्युला बाराव्या ओळीवरच थांबू शकतो आणि बेरीज कमी भरते. शीटमध्ये उतरलेल्या माहितीवर सर्व्हरचे पहारे लागू नसतात. कुणाला काय दिसावे हे तिथे कितीही काटेकोर ठरवले, तरी फाइल ईमेलने कुठेही जाते. आणि जिथे जोडणीच नसते, तिथली किंमत जगाने पाहिली आहे. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडन कचेरीत सुमारे ६.२ अब्ज डॉलरचा तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात नमूद आहे, की जोखमीचे मॉडेल एका शीटमधून दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट करून चालवले जात होते आणि एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागले गेले होते. तोटा मुळात सौद्यांचा होता, पण या चुकीमुळे जोखीम कमी भासली. २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडच्या मोजणीतून १५,८४१ कोविड रुग्ण गळाले. जुन्या एक्सेल फाइलची ६५,५३६ ओळींची मर्यादा भरली होती आणि उरलेल्या नोंदी गुपचूप बाहेर राहिल्या. नव्या फाइलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. गळालेल्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेत गाठता आले नाही, आणि ते नुकसान नंतर भरून निघण्यासारखे नव्हते.

रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये ‘ऑटोमेटेड डेटा फ्लो’चा आराखडा काढला, त्यामागेही हीच चिंता होती. बँकांची विवरणपत्रे त्यांच्या मूळ यंत्रणांतून थेट यावीत, मध्ये माणसाचा हात लागू नये, ही त्यातली अपेक्षा. तरीही एक्सेल हद्दपार झाले नाही, आणि व्हावे असेही नाही. नियमित विवरणपत्र ठरल्या साच्यात जाते. वरिष्ठांनी अचानक विचारलेला प्रश्न मात्र कुठल्याच साच्यात नसतो, आणि तो सोडवायला शीटइतके लवचीक दुसरे काही कचेरीत नाही.

आता ऑफिस स्वतःच ब्राउझरमध्ये सरकते आहे. जुने ॲड-इन विंडोजवरच्या ऑफिसशी बांधलेले होते. ब्राउझरमध्ये किंवा मॅकवर ते चालत नाही. सॅसने आपल्या ‘वाया’ या नव्या व्यासपीठासाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वेगळी जोडणी केली आहे, आणि पॉवर बीआयचा जिवंत अहवाल पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर ठेवता येतो. पण ज्या कचेऱ्यांनी जुन्या ॲड-इनभोवती व्हीबीए मॅक्रो लिहून सगळे तक्ते एका बटणावर ताजे करण्याची घडी बसवली होती, त्यांचे ते मॅक्रो ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालत नाहीत. ती घडी नव्याने बसवायची तर आधी प्रत्येक फाइल उघडून कोणता तक्ता सर्व्हरवरून येतो आणि कोणता कुणी हाताने चिकटवलेला आहे, हे ओळीओळीने तपासावे लागते.