‘रिकामी’ बंदूक

1 ऑक्टोबर 2024 च्या पहाटे अभिनेता गोविंदा मुंबईतल्या जुहूच्या घरातून कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. त्याच्या व्यवस्थापकाने नंतर सांगितलं त्याप्रमाणे, परवान्याचं रिव्हॉल्व्हर जागेवर ठेवताना ते हातातून निसटून खाली पडलं आणि बार उडाला. गोळी डाव्या पायात, गुडघ्याखाली शिरली आणि शस्त्रक्रिया करून काढावी लागली. बातमी आल्यावर अनेकांनी एकच प्रश्न विचारला: चाप न ओढता, नुसतं पडल्याने गोळी सुटते होय?

सुटू शकते. हत्यार जुन्या बनावटीचं असेल किंवा त्याचा एखादा भाग झिजला, तुटला असेल, तर नक्कीच. 1873 सालच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग, खाली बसलेला असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकत असे. घोड्यावर पुरेसा जोराचा आघात झाला की काडतूस पेटलंच. जानेवारी 1876 मध्ये अमेरिकेतल्या विचिटा गावात पोलीस अधिकारी वायट अर्प खुर्चीत मागे रेलला, कमरेचं रिव्हॉल्व्हर निसटून पडलं आणि गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. म्हणूनच त्या काळी सहाबारी रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरून घोड्याखालचं घर मोकळं ठेवायची पद्धत होती. पुढे घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर किंवा सरकती पट्टी घालणाऱ्या रचना आल्या. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा दणका काडतुसापर्यंत पोचत नाही, अशी ती सोय. काही कंपन्यांकडे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच होती, पण अमेरिकेच्या रुगर कंपनीने आपल्या प्रसिद्ध सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये ती 1973 मध्ये घातली. आजही कपाटात आजोबांच्या काळातलं हत्यार असेल, तर त्यात ही सोय असेलच असं धरून चालता येत नाही.

मग नवं हत्यार घेतलं की प्रश्न मिटला? तोही भ्रमच. सिग सॉअर कंपनीचं पी-320 हे आधुनिक पिस्तूल. विशिष्ट कोनात पडल्यावर ते सुटू शकतं असं 2017 मध्ये दिसून आलं आणि कंपनीला सुधारित भाग बसवून देण्याची योजना जाहीर करावी लागली. ‘सेफ्टी लावली की निर्धास्त’ या समजुतीचंही तेच. सेफ्टीचा खटका हा यंत्राचाच एक भाग आहे. तो झिजतो, त्यात मळ साचतो, त्याच्या रचनेत किंवा जुळणीत दोष राहू शकतो. दोष खुद्द चापातही निघतो: एप्रिल 2014 मध्ये रेमिंग्टन कंपनीने आपल्या मॉडेल 700 आणि मॉडेल सेव्हन रायफली चापातल्या दोषामुळे परत मागवल्या होत्या. सेफ्टी जरूर लावावी, पण तिच्या भरवशावर नळी कुणाकडे रोखू नये.

पडण्याशी जोडलेला आणखी एक घातक समज म्हणजे हत्यार निसटलं की ते झेलायचं. हात आपसूक पुढे जातो आणि घाईत बोट नेमकं चापावर पडतं. नोव्हेंबर 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइट क्लबमध्ये अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेसचं कमरेला खोचलेलं पिस्तूल पँटमधून खाली घसरू लागलं. तो ते सावरायला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. पिस्तूल विनापरवाना असल्याने पुढे दोन वर्षांची शिक्षाही झाली. सुस्थितीतलं आधुनिक पिस्तूल जमिनीवर पडून सुटण्यापेक्षा झेलताना सुटण्याचा धोका मोठा असतो. प्रशिक्षक म्हणूनच सांगतात, पडतंय तर पडू द्या.

पण सगळ्यांत जास्त जीव घेतले असतील ते ‘रिकामीच आहे’ या दोन शब्दांनी. पिस्तुलाचं मॅगझीन काढलं की ते रिकामं झालं, असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. मॅगझीन हा फक्त साठा. त्याआधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून सोडली असेल, तर एक काडतूस नळीच्या मुळाशी, चेंबरमध्ये, जाऊन बसलेलं असतं आणि मॅगझीन हातात आलं तरी ते तिथेच राहतं. क्रम चुकला तरी घात होतो. आधी स्लाइड ओढली, चेंबरमधलं काडतूस बाहेर उडालं, पण स्लाइड परत जाताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस आत शिरलं. मग मॅगझीन काढलं. आता हातात आहे भरलेलं पिस्तूल आणि डोक्यात आहे ‘रिकामं केलं’. बरोबर क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढून मागे अडकवायची, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. अंधारात तर चाचपायचंच.

अनुभवी माणसाच्या हातून असं होत नाही, हा समजही टिकत नाही. 2004 मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोमध्ये अमली पदार्थविरोधी खात्याचा एक अधिकारी मुलांना शस्त्रसुरक्षेबद्दल सांगत होता. या खोलीत हे पिस्तूल हाताळण्याइतका तरबेज मी एकटाच, असं म्हटल्यावर काही क्षणांतच त्याने स्वतःच्या मांडीत गोळी झाडून घेतली. 21 ऑक्टोबर 2021 रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ चित्रपटाच्या सेटवर तर रिव्हॉल्व्हर धोकादायक नाही असं मोठ्याने जाहीर करून नटाच्या हाती दिलं गेलं. त्यात खरं काडतूस होतं. छायाचित्रकार हॅलिना हचिन्स मरण पावल्या, दिग्दर्शक जखमी झाला आणि शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला 2024 मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्याने तपासलं म्हणून चालत नाही, हे याहून स्पष्ट कसं सांगणार?

सेटवरची खोटी काडतुसंही निरुपद्रवी नसतात. त्यांत गोळी नसली तरी दारू असते आणि नळीतून वेगाने वायू बाहेर पडतो. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम या नटाने गमतीत असं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. त्या दणक्याने कवटी फुटली आणि काही दिवसांतच तो गेला.

चापावर बोट ठेवलं तरी ‘मी ओढणार नाही ना’ असं म्हणणाऱ्यांनी शरीरशास्त्राकडे बघावं. शास्त्रज्ञ रॉजर एनोका यांनी अशा अपघातांमागे स्नायूंच्या तीन अनैच्छिक क्रिया दाखवल्या: दचकणं, तोल जाणं आणि दुसऱ्या हाताने जोर लावताना या हाताचीही मूठ आवळली जाणं. तिन्ही वेळा विचार करायला सवडच नसते. त्यामुळे बोट चापाच्या कडीबाहेर, चौकटीला समांतर हवं. अमेरिकी प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केलेले चार नियम याच धाग्यात आहेत. प्रत्येक हत्यार भरलेलं आहे असंच धरा, ज्याचा नाश नको त्याच्याकडे नळी वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवा, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. एक नियम चुकला तर बहुतेकदा दुसरा वाचवतो. बार उडाला, पण नळी सुरक्षित दिशेला होती, तर भिंती-फरशीचं नुकसान होईल, माणूस वाचेल.

नेमबाजीच्या रेंजवर ही शिस्त डोळ्यांना दिसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, नेम चालू नसताना चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालून ठेवावा लागतो, म्हणजे हत्यार रिकामं असल्याचं लांबूनही कळतं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे असो की कालच रेंजवर आलेला मुलगा, नियम सगळ्यांना सारखाच.

घरात मात्र ‘मुलांना बजावून ठेवलंय’ एवढ्यावर भागवलं जातं. अमेरिकेत अटलांटात 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 8 ते 12 वर्षांच्या मुलांचे 29 छोटे गट खोलीत खेळायला सोडले. एका खणात निकामी केलेलं खरं पिस्तूल ठेवलेलं होतं. 21 गटांना ते सापडलं, 16 गटांनी ते हाताळलं आणि 10 गटांत कुणीतरी चाप ओढला. त्यांतल्या बहुतेकांना आधी शस्त्रसुरक्षेचे धडे मिळालेले होते. बजावणं हवंच, पण कुलूप त्याहून महत्त्वाचं. हत्यार रिकामं करून एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या मोठ्यांच्या ताब्यात.

‘हवेत झाडली तर कुणाला लागते?’ हे लग्नाच्या वरातीतलं तत्त्वज्ञान. गोळी वर गेली की खाली येतेच. अमेरिकी लष्करातले ज्युलियन हॅचर यांनी पहिल्या महायुद्धानंतर केलेल्या प्रयोगांत सरळ वर झाडलेली रायफलची गोळी सेकंदाला सुमारे 90 मीटर वेगाने परतल्याचं आढळलं. कातडी भेदायला साधारण 60 मीटरचा वेगही पुरतो, आणि तिरकी झाडलेली गोळी याहून वेगाने येते. भारतात 2019 च्या दुरुस्तीनंतर, जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. रात्री झुडूप हललं की रानडुक्करच, असं धरून बार टाकणं हा तिथला जीवघेणा समज. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या जंगलात रानडुकराच्या बेकायदा शिकारीला गेलेल्यांपैकी एकजण साथीदाराच्याच गोळीने मारला गेला. झाडीत कोण आहे ते दिसल्याशिवाय बोट चापाकडे जाताच कामा नये.

खंडेनवमीला पूजेसाठी अनेक घरांतली हत्यारं बाहेर निघतात. पाटावर ठेवण्याआधी ती रिकामी करून दोघांनी तपासावीत, काडतुसं त्या खोलीत आणूच नयेत. आणि परवानाधारक वारला असेल, हत्यार भरलेलं आहे की नाही ते कुणालाच ठाऊक नसेल, तर ते स्वतः उघडून बघू नका. पोलीस ठाण्याला कळवा, जाणकार माणसाकडून ते रिकामं करून घ्या, ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाच्या परवान्याचा अर्ज त्यानंतर करा.