बोलण्याच्या बदल्यात माफी (लेखमाला : भाग 7)

नागपुरात 'दयेचा अर्ज' हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. 29 जुलै 2015 च्या रात्री राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातला दोषी याकूब मेमनचा अर्ज फेटाळला, सर्वोच्च न्यायालय पहाटे तीनच्या सुमारास बसलं आणि 30 तारखेला सकाळी इथल्या मध्यवर्ती कारागृहात त्याला फाशी झाली. तेव्हापासून माफी म्हटलं की आपल्याला राष्ट्रपती भवनच आठवतं. पण काटोलचे, राज्याचे गृहमंत्री राहिलेले अनिल देशमुख यांच्या प्रकरणात ज्या माफीची चर्चा झाली, तिचा राष्ट्रपतींशी काही संबंध नाही.

संविधानाचा अनुच्छेद 72 राष्ट्रपतींना माफीचा अधिकार देतो तो 'दोषी ठरलेल्या' व्यक्तीबाबत. राज्यपालांच्या अनुच्छेद 161 मध्येही तीच अट आहे. तपास चालू असताना राष्ट्रपतींच्या दारात जाऊन उपयोग नाही. अमेरिकेत तसं नाही. 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर खटला उभा राहण्याआधीच त्यांना माफ केलं. त्यामुळे तिथल्या राजकीय तपासात आरोपीला एक वाट कायम खुली दिसते : गप्प राहायचं आणि थांबायचं. ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख राहिलेले पॉल मॅनाफोर्ट यांनी निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या तपासाला सहकार्य करायचं कबूल केलं, पण ते तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलले असं न्यायाधीशांनी फेब्रुवारी 2019 मध्ये ठरवलं. डिसेंबर 2020 मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली.

आपल्याकडे तपासाच्या काळातली माफी न्यायालय देतं, आणि ती बोलण्यासाठीच असते. तिचा मानकरी म्हणजे माफीचा साक्षीदार. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 306, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं 343, आणि लाचलुचपतीच्या खटल्यांसाठी 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 5. अट एकच : गुन्ह्याबद्दल जे ठाऊक आहे ते सगळं, खरं आणि काही न लपवता सांगायचं, स्वतःच्या वाट्यासकट. लाचेची पावती फाडली जात नाही. देणारा, घेणारा आणि मधला, एवढ्यांनाच लाच माहीत असते. त्यांतला एक फुटल्याशिवाय अनेक खटले उभेच राहत नाहीत.

आता देशमुखांचं प्रकरण पाहू. 20 मार्च 2021 ला मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं : गृहमंत्री देशमुखांनी पोलीस अधिकारी सचिन वाझे यांना मुंबईतल्या बार-रेस्टॉरंटांसह इतरांकडून महिन्याला 100 कोटी गोळा करायला सांगितलं. देशमुखांनी हा आरोप सुरुवातीपासून नाकारला आहे. 5 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितलं आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ईडीने त्यांना अटक केली. जून 2022 मध्ये सीबीआयच्या खटल्यात वाझे माफीचे साक्षीदार झाले.

इथे बचावाच्या हाती मोठं हत्यार आलं. याच वाझे यांनी डिसेंबर 2021 मध्ये या आरोपांच्या चौकशीसाठी राज्य सरकारने नेमलेल्या चांदीवाल आयोगापुढे शपथेवर सांगितलं होतं की देशमुखांनी त्यांच्याकडे पैशांची मागणी केली नाही. सहा महिन्यांत माणूस एका शपथेवरून दुसऱ्या शपथेवर आला, तर कोणती खरी? 12 डिसेंबर 2022 ला देशमुखांना जामीन देताना उच्च न्यायालयाने नोंदवलं की देशमुखांच्या सांगण्यावरून बारमालकांकडून वसुली झाली, असं वाझे यांच्या जबाबाखेरीज दुसरा कुणाचा जबाब दाखवत नाही. म्हणजे देशमुख निर्दोष ठरले असं नव्हे, जामिनाचा निकाल तेवढं सांगत नसतो. पण एकट्या माफीच्या साक्षीदारावर सगळी भिस्त ठेवली की काय होतं, ते यातून कळतं.

मराठी माणसाला याचं जुनं उदाहरण ठाऊक असायला हवं. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला. न्यायाधीश आत्माचरण यांनी त्याची साक्ष विश्वासार्ह मानली, तरी सावरकरांविरुद्ध तिला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून 10 फेब्रुवारी 1949 ला त्यांना निर्दोष सोडलं. न्यायालयं पाळत आलेली ही खबरदारी 2023 च्या साक्ष अधिनियमाने कलम 138 मध्ये शब्दांतच घातली : साथीदाराच्या साक्षीला पुष्टी हवी.

मला या सगळ्यात धास्ती वाटते ती तपास यंत्रणा आणि साक्षीदार यांच्यात होणाऱ्या सौद्याची. तुरुंगात खितपत पडलेला माणूस सुटकेसाठी काय बोलेल याला सीमा नाही, आणि यंत्रणा सरकारच्या हाताखाली असते. म्हणूनच माफी देताना न्यायाधीशाने कारणं लिहिली पाहिजेत आणि आरोपीने मागितल्यास त्यांची प्रत मोफत दिली पाहिजे, असं जुनं कलम 306 सांगत होतं आणि आताचं 343 सांगतं. साक्षीदार खोटं बोलला किंवा काही लपवलं, तर सरकारी वकिलाच्या प्रमाणपत्रावर त्याची माफी जाते आणि मूळ गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालू शकतो.

आणखी एक अट लोकांना माहीत नसते. आधीपासून जामिनावर नसलेल्या माफीच्या साक्षीदाराला खटला संपेपर्यंत सहसा कोठडीतच ठेवायचं असतं. देशमुख 28 डिसेंबर 2022 ला आर्थर रोड तुरुंगाबाहेर आले. ज्यांना माफी मिळाली त्या वाझे यांना याच प्रकरणात जामीन मिळायला ऑक्टोबर 2024 उजाडला, आणि तेव्हाही मुकेश अंबानींच्या अँटिलिया या घराजवळ स्फोटकं ठेवल्याच्या प्रकरणामुळे ते आतच राहिले.