विष, कायदा आणि मन

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून १९६८चा कीटकनाशक कायदा आला. पॅराथिऑनच्या कुळातील रसायने कीटकांप्रमाणेच माणसाच्याही मज्जासंस्थेवर आघात करतात. ती हाताळणाऱ्यांत नैराश्य अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. कार्यकारणसंबंध मात्र वादातीत नाही. अन्नातील अल्प अवशेषांबाबत तर पुरावा आणखी अपुरा आहे. १९७१च्या नियमांनी फवारणी करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. रोजंदारीवरील मजुरापर्यंत ती क्वचितच पोहोचते. ताटाविषयीची आपली शंका रास्त आहे. परंतु मनाची विचारपूस आधी पाठीवर पंप वाहणाऱ्याची व्हावी.